उघड्या पत्र्याला लागलेला हात

म्हादबा पेंटर रंग मारताना शर्ट उलटा घालायचा. रंग फवारायची गन हातात घ्यायची वेळ आली की अंगातला शर्ट काढायचा, तोच पुढून हात घालून चढवायचा आणि गुंड्या पाठीवर आणायचा. पुढच्या गुंड्यांच्या फटीतून रंग आत शिरतो आणि मग आंघोळीला पाण्याऐवजी रॉकेल लागतं, असं त्याचं म्हणणं. पाठीवरच्या गुंड्या काही स्वतःच्या स्वतः लावता येत नाहीत. म्हणून त्या वेळी शेडमध्ये जो कोणी असेल त्याच्याकडे पाठ करून तो नुसता उभा राहायचा. बोलायचा नाही. समोरच्यानं समजून घ्यायचं. आमच्या उंब्रजच्या एका माजी सरपंचानं त्या गुंड्या लावलेल्या मी पाहिल्यात, एकदा गाडीचे कागद बघायला आलेल्या हवालदारानंही लावल्यात, आणि मी तर कितीदा लावल्या असतील त्याला गणती नाही. आज त्याच्याविषयी लिहायला बसलो तर आधी ती पाठच डोळ्यांपुढे आली. तोंड समोर यायला वेळ लागतो, कारण त्या तोंडाकडे बघायची मला लाज वाटते. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी फार शहाण्यासारखा बोलायला लागलो तर वाचणाऱ्यानं ओळखून असावं.

मी ज्युनिअर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो. लोखंड का गंजतं, गंज म्हणजे नेमकं काय, तो थांबवायचा कसा, हे मी सत्तावीस वर्षं फळ्यावर लिहीत आलोय. म्हादबा चौथी शिकलेला. पण गंजाविषयी त्याला जे ठाऊक होतं त्यातलं निम्मंसुद्धा मला ठाऊक नव्हतं, आणि हे मला कळायला फार उशीर लागला.

त्याची शेड हायवेच्या सर्व्हिस रोडला, एक रसवंती आणि एक टायरवाला यांच्या मधोमध. पाटी नव्हती. पाटीच्या जागी कुठल्याशा जुन्या गाडीचं दार तारेनं टांगलेलं, निम्मं गंजलेलं तसंच ठेवलेलं आणि निम्मं घासून, रंगवून आरशासारखं केलेलं. येणाऱ्याला काय समजायचं ते त्यावरून समजायचं. मूळचा तो माणातला, दहिवडीच्या पलीकडच्या एका वाडीचा. बाप मेंढरं राखायचा. माणातली पोरं मुंबईला जातात तसा हाही मिसरूड फुटायच्या आत गेला आणि बावीस वर्षं एका गॅरेजात टॅक्स्या रंगवत राहिला. मुंबईविषयी काही विचारलं की एवढंच सांगायचा, तिथं दोनच रंग, काळा आणि पिवळा, तिसरा बघायचा म्हणून गावाकडं आलो.

त्याच्या एकेक तऱ्हा होत्या. मोबाइल तो लोकरीच्या जुन्या पायमोज्यात घालून ठेवायचा, धूळ लागू नये म्हणून. वाजला तर ऐकू यायचा नाही, पण त्याचं त्याला काही वाटायचं नाही. प्रत्येक गाडीचे नटबोल्ट वेगळ्या डब्यात, आणि डब्यावर नाव नाही, खूण नाही. एकदा मी म्हणालो, निदान खडूनं तरी लिहा. त्यानं माझ्यासमोर एका डब्यात हात घातला, एक बोल्ट काढून बोटांत फिरवला आणि तो कुठल्या गाडीच्या कुठल्या दाराचा, हे सांगितलं. मी तपासायला गेलो नाही.

सगळ्यात नवल वाटायचं ते त्याच्या मिठाचं. शेडच्या खांबाला एक खिळा, त्यावर डबीचं झाकण ठेवलेलं आणि झाकणात चिमूटभर खडेमीठ. रंग मारण्याआधी तो त्यात बोट घालायचा. मीठ कोरडं लागलं तर कॉम्प्रेसर चालू, ओलसर लागलं तर त्या दिवशी सुट्टी. मग मालक दारात गाडीसाठी थयथयाट करत का असेना. हवेतली आर्द्रता मोजायचं माझ्या कॉलेजातलं यंत्र तीन वर्षं बंद होतं. म्हादबाचं झाकण एक दिवस बंद पडलं नाही.

आणि काम करायचा ते उलट्या बाजूनं. लोक गाडी आणतात ती चकाकी आणायला, हा आधी चाकांवरच्या मडगार्डच्या आत शिरायचा, दाराच्या तळाशी, जिथं चिखल साठून पत्रा कुजतो तिथं. तारेच्या ब्रशनं खरवडायचा, पॉलिश पेपरनं घासायचा, बोटाच्या पेरानं टकटक वाजवून बघायचा. कुजलेल्या पत्र्याचा आवाज वेगळा येतो म्हणे. मला दोन्ही सारखेच वाटायचे. दिसतं ते सगळेच रंगवतात, हे त्याचं आवडतं वाक्य. पुट्टीवर त्याचा राग होता. खड्डा दिसला की पुट्टी भरून मोकळं होणाऱ्याला तो पेंटर म्हणायचाच नाही, गवंडी म्हणायचा.

त्याची ती पिकअपची गोष्ट तर आमच्याकडे अजून सांगतात. कराडकडचा एक भाजीवाला जुनी पिकअप विकायला काढत होता. मागचा पत्रा चाळणी झालेला. त्याचं म्हणणं, वरून रंग ओढून दे, गिऱ्हाइकाला दिसता कामा नये. म्हादबानं हो-नाही काही केलं नाही, गाडी ठेवून घेतली. आठ दिवसांनी भाजीवाला आला तर गाडी नवरीसारखी सजलेली. फक्त मागे, नेमकं कुजलेलं होतं तिथं, तळहाताएवढा चौकोन बिनरंगाचा सोडलेला, कडा अगदी पट्टीनं आखल्यासारख्या. भाजीवाला विचारतो, हे काय. म्हादबा म्हणाला, तेवढी खिडकी ठेवलीय, घेणाऱ्याला आत बघायला. भाजीवाल्यानं आईबहिणीवरून शिव्या घातल्या, म्हादबा ब्रश धूत बसला. शेवटी त्याच्याकडूनच तो पत्रा बदलून घ्यावा लागला. असल्या माणसाच्या हातून काम नासलं, असं चारचौघांत सांगणारा मी.

गाडी आमच्या आबांची. आबा, म्हणजे माझे वडील, फौजेत ड्रायव्हर होते. पेन्शनीत आल्यावर त्यांनी एक जुनी जीप घेतली आणि पुढची पंचवीस वर्षं ती गावाची होऊन राहिली. बाळंतिणी तिच्यातून दवाखान्यात गेल्या, वऱ्हाडं गेली, उसाच्या फडातून साप चावलेली दोन माणसं गेली आणि दोन्ही परत आली. आबा गेल्यावर मी ती उसाच्या रानातल्या गोठ्याशेजारी उभी केली ती अकरा वर्षं. दरवर्षी म्हणायचो, बघू. मग मुलीचं लग्न ठरलं, सांगलीत. मुलगी म्हणाली, मांडवात जाईन तर आजोबांच्या जीपमधून. झालं, अकरा वर्षं झोपलेला मी जागा झालो आणि पी हळद नि हो गोरी, असं म्हादबाच्या मागे लागलो.

त्यानं जीपभोवती तीन फेऱ्या मारल्या, टकटक केलं आणि वेळ लागेल म्हणाला. लग्न तुळशीच्या लग्नानंतर लगेच होतं. मी रोज कॉलेज सुटलं की शेडमध्ये जाऊन बसायचो. तिथंच एकदा मी त्याला गंजाची रासायनिक क्रिया समजावून सांगितली, खडू घेऊन, त्याच्याच पत्र्याच्या भिंतीवर. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग घासून पांढऱ्या केलेल्या एका मडगार्डवर त्यानं मला अंगठा टेकवायला लावला आणि त्या जागेवर काहीही न करता ते तसंच बाजूला ठेवलं. दोन दिवसांनी दाखवलं. माझा अंगठा, रेघान्‌रेघ, तांबूस गंजात उठला होता.

"सर, तुमचा गंज फळ्यावर पुसला की जातुया," तो म्हणाला. "हितला जात न्हाई. पत्रा एकदा उघडा केला की त्येला हात लावायचा न्हाई. घाम लागला, त्याल लागलं, की वरनं कितीबी रंग मारा, आत त्यो जित्ता ऱ्हातो."

म्हणजे मला ठाऊक नव्हतं अशी पळवाटही मला नाही. नियम मला सांगितलेला होता, माझ्याच अंगठ्यानं शिकवलेला होता.

बॉनेट सगळ्यात शेवटी घ्यायचं आणि दसऱ्यानंतरच उघडं करायचं, असं त्याचं ठरलं होतं. खंडेनवमीला हत्यारं पूजेला बसतात. त्या दिवशी ना ब्रश उचलायचा ना गन, आणि सणाच्या तोंडावर पत्रा उघडा टाकून जायचं नाही, हा त्याचा दंडक. मी ऐकलं नाही. दिवस मोजून दाखवले, लग्नाची पत्रिका दाखवली. त्याला भिडस्तपणा फार, त्यातून मी सर. नवमीच्या आदल्या दिवशी त्यानं बॉनेट सोललं. संध्याकाळपर्यंत प्रायमर मारून मोकळा होणार होता, पण दुपारनंतर ढग आले आणि झाकणातलं मीठ ओलं लागलं. आता माझंच ऐकून तो फसला होता. त्यानं पत्रा थिनरनं पुसला, त्यावर धुतलेलं धोतर पसरलं, चारी टोकांना दगड ठेवले आणि मला सांगितलं की दोन दिवस ह्याला देवाचासुद्धा हात लागू द्यायचा नाही. मग पूजेसाठी माणाच्या गाडीत बसून गावी गेला.

खंडेनवमीला सकाळी बायकोनं ताट तयार केलं. हळदकुंकू, झेंडूची माळ, नारळ, पानसुपारी. आबांची गाडी दुसऱ्याच्या दारात आहे म्हणून बिनपूजेची ठेवायची का, असं तिचं म्हणणं, आणि ते बरोबरच होतं. मी ठरवून गेलो होतो की माळ स्टिअरिंगला घालायची, कुंकू चाकाला लावायचं आणि परत फिरायचं. माळ घातली. चाकाला कुंकू लावलं. पण आबा पूजा करायचे ती बॉनेटवर. ओलं कुंकू डाव्या तळव्यावर कालवायचे आणि उजव्या हाताची पाच बोटं बॉनेटवर ओढायचे, वरून खाली. मग नारळ फोडून त्याचं पाणी शिंपडायचे आणि पाठ थोपटावी तसा गाडीवर हात मारायचे. मी लहानपणापासून ते पाहिलेलं. अकरा वर्षं मी ती पूजा केली नव्हती, त्याचं एकदम फार वाईट वाटलं. दगड बाजूला केले, धोतर उचललं. खाली पत्रा असा पांढराशुभ्र की आबांनी तरी तो तसा कधी पाहिला असेल का कुणास ठाऊक. मी पाच बोटं ओढली. नारळाचं पाणी शिंपडलं. हातही मारला.

आणि मग भान आलं. रुमालानं पुसलं. वरवरचं गेलं, पण जुन्या गंजानं पत्र्याला बारीक खड्डे पडले होते, त्यांत लाल राहिलं. रुमाल थुंकीनं ओला करून पुसला. आता लिहितानाही अंगावर काटा येतो, रसायनशास्त्राचा माणूस, आणि थुंकी लावून पुसतोय. धोतर पसरलं, दगड ठेवले, इकडंतिकडं बघितलं आणि निघालो. नारळाची भकलं पिशवीत घातली, मागे काही राहू नये म्हणून. चोर वागतो तसाच वागलो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी म्हादबा परत आला. मी पोहोचलो तेव्हा तो धोतर हातात धरून पत्र्याकडे बघत होता. तांबूस झाक आली होती. त्यानं विचारलं, दगड हलल्यासारखे वाटतात, कोणी आलं होतं का. मी म्हणालो, वाऱ्यानं असेल. त्या वेळी खरं बोललो असतो तर काय झालं असतं, याचा मी शंभर वेळा विचार केलाय. तो हसला असता, फार तर गवंडी म्हणाला असता, पुन्हा घासून काढलं असतं, एक दिवस गेला असता. एक दिवस वाचवायला नाही, तर पोरासारखं रागावून घ्यायला नको म्हणून मी खोटं बोललो. मी रोज प्रयोगशाळेत पोरांना हात लावू नका म्हणून ओरडतो ना, तसा ओरडा स्वतः खायची मला सवय नाही. त्यानं पत्रा पुन्हा हलका घासला, पुसला, राखी प्रायमर गनमध्ये भरला. मग माझ्याकडे पाठ करून उभा राहिला आणि मी त्याच्या गुंड्या लावल्या.

लग्नात जीप अशी दिसली की लोक नवरीआधी तिला बघायला गोळा झाले. तिथंच मेजरसाहेब भेटले. माझ्या व्याह्यांचे स्नेही, फौजेतून निवृत्त, सांगलीत राहायला. त्यांच्या घरामागे दोन जुन्या जीपा पडून होत्या. त्यांनी आमच्या जीपच्या खाली वाकून बघितलं, आतून हात फिरवला आणि विचारलं की माणूस कोण. मी ऐटीत नाव सांगितलं. महिन्याभरानं म्हादबा एसटीनं सांगलीला गेला, दिवसभर त्या दोन गाड्यांखाली झोपून आला. परत आल्यावर आठ दिवस दुसरं बोलणं नाही. एक बरी आहे, पण दुसरी वेळेत हातात आली नाही तर मोडीत जाणार, असं सांगायचा. वय झालं होतं, नजर कमी होत होती. "ह्या दोन झाल्या की गन खाली ठेवतो," असं तो मला दोनदा म्हणाला. पावसाळा संपला की मेजरसाहेब गाड्या पाठवणार होते. त्यानं त्या हंगामाची बाकीची कामं घेतलीच नाहीत.

श्रावणात आमच्या जीपच्या बॉनेटवर फोड आले. हिरव्या रंगाखाली फुगलेले बारके बारके, ओळीनं. दुसऱ्या कुणाला ते नुसते फोड दिसले असते. मला ती बोटं दिसली. मी गाडीवर ताडपत्री टाकली आणि कुणाला बोललो नाही.

गणपती झाल्यावर मेजरसाहेब पुण्याला जाता जाता उंब्रजला उतरले, म्हादबाशी पक्कं करायला. जाण्याआधी तुमची गाडी पुन्हा बघू म्हणाले. म्हादबालाही मीच बोलावून घेतलं होतं. ताडपत्री मेजरसाहेबांनी स्वतः ओढली, बघायला शेजारचे चारजण जमले. फोड बघून त्यांचं तोंड बदललं. म्हादबा पुढं झाला, अंगठ्यानं एक फोड दाबून बघितला, मग सगळ्या ओळीवरून बोट फिरवलं.

"सायेब, पत्रा उघडा हुता तवा ह्येला कुणाचा तरी हात लागलाय," तो म्हणाला.

मेजरसाहेबांनी विचारलं, तुझ्या शेडमध्ये तुझ्याशिवाय कुणाचा हात लागणार. म्हादबानं माझ्याकडे बघितलं. आरोप करत नव्हता. आठवून बघा, असं त्याचं बघणं होतं. मेजरसाहेबांनीही माझ्याकडे बघितलं, शिकलेला माणूस म्हणून. आणि मी तोंड उघडलं.

"प्रायमरच्या आधी पत्र्यावर ओल राहिली असणार," मी म्हणालो. "घाईत होतं असं कधीकधी."

ओल, बाष्प, चिकटण्याची ताकद, असं आणखीही दोन-तीन मिनिटं बोललो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात सफाईदार व्याख्यान असेल ते. म्हादबा मान खाली घालून ऐकत होता, त्या दिवशी भिंतीवरच्या खडूचं ऐकलं होतं तसंच. मेजरसाहेब सभ्य माणूस, रागावले नाहीत. कळवतो म्हणाले आणि पुण्याला गेले. कळवलं नाही. गाड्या दुसरीकडे गेल्याचं मला मुलीकडून समजलं, आणि म्हादबाला ते मीच सांगायला हवं होतं. त्याला ते टायरवाल्याकडून समजलं.

बॉनेट तो दोन दिवसांनी येऊन स्वतः खोलून घेऊन गेला. मी गेलो तेव्हा तो जाड भिंगाचा चष्मा लावून खड्ड्यांतून सुईनं काहीतरी टोकरत होता. राखी प्रायमरच्या थराखाली गुलाबी ठिपके. एक कण त्यानं बोटावर घेतला, उजेडात धरला, वास घेतला. मग सुई खाली ठेवून त्यानं मला विचारलं.

"सर, खंडेनवमीला गाडीची पूजा कुठं केलीसा?"

"घरी," मी म्हणालो. गाडी त्याच्या शेडमध्ये असताना.

"बरं," तो म्हणाला, आणि पुन्हा सुई उचलली.

त्या बरं नंतर मी तिथं फार वेळ बसलो नाही. बॉनेट त्यानं असं करून दिलं की आज दोन पावसाळे झाले, त्यावर डाग नाही. पण चहाच्या गाड्यावर बोलणं सुरू झालंच होतं. म्हादबाचा रंग म्हणजे तेरडा, तीन दिवसांचा. हे म्हणणारा बहुतेक तो पिकअपवाला असावा, पण त्याला शब्द मीच पुरवले होते. ज्यांनी कधी त्याच्या गुंड्या लावल्या होत्या तेही ते ऐकून हसले. मी तिथं उभा होतो आणि चहा पीत होतो. शेडमध्ये गाड्या कमी झाल्या, मग एकच राहिली, मग टांगलेलं दार उतरलं. तो गावी गेल्याचं रसवंतीवाल्यानं सांगितलं.

तो गेल्यावर त्याच्याकडे जायला मला सव्वा वर्ष लागलं. बायकोला सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली की पूजा करायला मी पाठवलं होतं, खोटं बोलायला नव्हतं पाठवलं. त्या रविवारी जीप काढून माणात गेलो. वाडीच्या तोंडाशीच दिसला. पाण्याच्या टँकरची लोखंडी शिडी आडवी टाकून घासत बसला होता. मला बघून उठला, जीपला हात लावला, बॉनेटवरून बोट फिरवलं, मग मला विचारलं कसं काय. पाणी आणलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं, कुंकू, नारळ, रुमाल, थुंकी, सगळं. बसून सांगायचं धाडस नव्हतं.

"मला ठावं हाय," तो म्हणाला. "कुकू घावलं हुतं की."

मी विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत.

"तुमी घरी म्हणालासा. सर घरी म्हणल्यावर मी शेडात कसं म्हणू?" मग म्हणाला, "आन आबांसाठी केलं हुतं तुमी. त्येला वाईट कसं म्हणायचं."

आता हे ऐकून मी गप्प बसायला हवं होतं. पण मला उपकार करायची घाई झाली. म्हणालो, मी आत्ताच्या आत्ता मेजरसाहेबांना सांगतो, तुमच्यासमोर. तो नको म्हणाला. मी फोन लावला आणि आवाज मोठा केला, त्याला ऐकू जावा म्हणून. खरं तर मला माझाच खरेपणा ऐकायचा होता. मेजरसाहेबांनी उचलला. मी सांगितलं की ते फोड पेंटरच्या चुकीनं नव्हते आले, चूक माझी होती.

"कुठला पेंटर?" मेजरसाहेब म्हणाले. मग आठवलं. "हां, तो उंब्रजचा. अहो सर, कुठलं काय घेऊन बसलात. त्या गाड्या कधीच करून झाल्या माझ्या. तुम्ही नका मनाला लावून घेऊ."

मुलीची खुशाली विचारून त्यांनी फोन ठेवला. म्हादबाचं नाव मी बुडवलं, आणि ज्याच्यापुढे बुडवलं त्याला ते नाव आठवतसुद्धा नव्हतं. हे मी त्याला आवाज मोठा करून ऐकवलं. मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. म्हादबा शिडीची गंजकी पायरी बघत होता.

"कुणी केल्या गाड्या?" त्यानं विचारलं.

मी विचारलं नव्हतं.

"ती दुसरी वाचली का?"

तेही विचारलं नव्हतं. तो म्हणाला, विचारा की. मी पुन्हा फोन लावला. वाजत राहिला, उचलला नाही. तो म्हणाला, जेवत असतील. आणि ब्रश घेऊन पायरी घासायला लागला.

ऊन उतरल्यावर मी निघालो. गाडी चालू केली तशी तो उठून माझ्या बाजूला आला, वाकला, आणि दोन बोटांत अंतर धरून मला दाखवायला लागला. मेजरसाहेबांच्या त्या दुसऱ्या जीपच्या चासीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, मधल्या पट्टीवर डाव्या अंगाला, एवढी एवढी दोन भोकं होती. तिथं नवा पत्रा जोडलाय का नुसती पुट्टी भरलीय, तेवढं खाली वाकून बघायचं. पुट्टी असली तर बोटानं वाजवल्यावर कळतं. मला ते कळणार नाही हे त्याला ठाऊक होतं, म्हणून त्यानं जीपच्या दारावर वाजवूनही दाखवलं.

"सांगलीला जाशीला तवा बघा. आन मला फोन करा," तो म्हणाला.

मी हो म्हणालो. ह्याला आता चार महिने झाले. मुलीकडे सांगलीला दोनदा जाऊन आलो, आणि दोन्ही वेळा मेजरसाहेबांच्या गल्लीवरून सरळ पुढं गेलो.